राजाच्या प्याल्याला भोक

१

त्या सकाळी इराने प्याला उचलला आणि प्याल्याच्या बुडातून तिला स्वतःचा बूट दिसला.

म्हणजे बघा, तेराशे वर्षांचा प्याला. ग्वाटेमालाच्या जंगलात माया लोकांची राज्यं होती, तिथल्या कुठल्याशा राजाचा. वीतभर उंच, नळकांड्यासारखा, अंगावर लाल-काळ्या रंगात अख्खा दरबार रंगवलेला. राजा मांडी घालून बसलाय, एक बुटका त्याच्यापुढे आरसा धरून उभा आहे, आणि मागे एक बाई उंचावरून कोकोची धार सोडतेय, फेस यावा म्हणून. संग्रहालयात वस्तूंचे फोटो आणि नोंदी करणं हे इराचं काम. आदल्या दिवशी तिने त्याच्या गळ्यातली नंबराची चिठ्ठी सोडली होती, त्याला फिरत्या तबकडीवर ठेवून चारशे फोटो काढले होते, बुडाचे वेगळे. बूड गुळगुळीत होतं. आणि आता बरोबर मधोमध सुपारीएवढं भोक.

तिने प्याला कसाबसा फोमवर ठेवला.  मग तिला टेबलावर दुसरी गोष्ट दिसली. तिच्या टेबलावर, तिच्या लॅपटॉपशेजारी ड्रिल मशीन पडलं होतं.

ते तिचं नव्हतं. काल नव्हतं.

"फ्राउ पोंक्षे," मागून आवाज आला, "कशालाही हात लावू नका."

दारात फ्राउ डॉक्टर आल्बर्स, म्हणजे डॉक्टर आल्बर्सबाई, उभ्या. जर्मनीत हायडेलबर्गमध्ये नेकार नदीच्या काठावरचं हे छोटं खासगी संग्रहालय तीस वर्षं याच बाईने चालवलेलं. आवाज कधी चढवत नाहीत. त्यांनी प्याल्याकडे पाहिलं, ड्रिलकडे पाहिलं, आणि शेवटी इराकडे.

"दोन आठवड्यांपूर्वी तुम्हीच कॉफीच्या वेळी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे माणूस गेला की मडक्याला भोक पाडतात."

इराचे कान गरम झाले. हो, सांगितलं होतं. माया लोक मेलेल्या माणसाबरोबर भांडं पुरताना त्याला भोक पाडून ते भांडंही 'मारायचे', असा विषय निघाला होता. आणि तिने बाबांचं सांगितलं. भाऊ नाही, म्हणून पाण्याचं मडकं तिच्याच खांद्यावर होतं. काका दगडाने एकेक भोक पाडत होते आणि गार पाणी तिच्या पाठीवरून वाहत होतं. सांगताना तिला रडू आलं. तेच आता फ्राउ आल्बर्सनी पुरावा म्हणून काढलं.

"चार वाजेपर्यंत लिहून द्या काय केलंत ते. नाहीतर मी पोलिसात तक्रार देणार. नोकरी तर संपलीच."

नोकरी संपली की काय संपतं ते इराला पाठ होतं. गुरुवारी आउसलेंडरबेहोर्डेत तिची तारीख होती, परदेशी लोकांचे राहण्याचे कागद वाढवून देतात त्या ऑफिसात. तिथे कामाचा करार दाखवायचा असतो. करार नाही तर कागद नाही, आणि वर पोलिसात नाव.

आज मंगळवार होता.

२

पायऱ्यांवर हृषिकेश भेटला. प्रदर्शनात लावायच्या टचस्क्रीनचं काम त्याच्याकडे होतं, आणि त्यावर दाखवायची फिल्म तो प्याल्याची हुबेहूब नक्कल वापरून करणार होता. तीन महिने दोघं एकत्र डबा खात होते, संग्रहालयात मराठी बोलणारी एवढी दोनच माणसं. तिला बघून त्याने नेहमीसारखा थर्मास उघडला, झाकणात चहा ओतला. गवती चहा, आलं, भरपूर दूध.

"घे आधी. पांढरी पडलीयेस."

"हृषी, त्यांना वाटतंय मी केलं."

"काहीतरीच. तू का करशील?"

"ड्रिल माझ्या टेबलावर आहे रे."

त्याने झाकण तिच्या हातात दिलं आणि खाली नदीकडे बघत बसला. चार महिन्यांची मुलगी आहे त्याला, रात्रभर जागवते, त्यामुळे डोळे नेहमीच लाल. पण आज तो एकदाही तिच्याकडे सरळ बघेना. "तुझी ती मावशी आहे ना कार्ल्सरूहेला," तो म्हणाला, "तिला बोलव."

हे बोलून तो उठलाच, मीटिंग आहे म्हणून. चहा न संपवता.

इराने फोन लावला. अरुंधतीमावशी म्हणजे तिच्या आईची मैत्रीण, मेकॅनिकल इंजिनिअर, वीस वर्षं जर्मनीत. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत काम. पण ती भाग बनवत नाही. मोडलेले भाग तिच्या टेबलावर येतात आणि ते कसे मोडले हे ती सांगते. दात तुटलेला गिअर बघून म्हणते, हा काल नाही तुटला, चिरलेला होता सहा महिन्यांपासून.

"मावशी, मला भीती वाटतेय."

"ते ऐकू येतंय. भोकाची कड स्वच्छ आहे की मळकी?"

"मी बघितलंच नाही नीट."

"मग बघू नकोस. हातही लावू नकोस. येते मी."

३

अरुंधतीमावशी सव्वाबाराला आली, एस-बान लोकल उशिरा म्हणून चिडलेली, हातात अर्धा खाल्लेला ब्रेत्सेल पाव. केअरटेकर हेर क्रेमरला, म्हणजे मिस्टर क्रेमरला, तिने त्याच्याच गावच्या बोलीत काहीतरी ऐकवलं, तो हसला, आणि दोघी वर फोटोच्या खोलीत. फ्राउ आल्बर्स खाली ऑफिसात दार लावून बसल्या होत्या.

मावशीने हात धुतले, ग्लोव्ह्ज घातले, पर्समधून भिंग काढलं. आणि पाच मिनिटं ते भोकाच्या कडेवरून फिरवलं. इरा भिंतीला टेकून घड्याळ बघत होती.

"ही माती कुठल्या रंगाची असते आतून?"

"तांबूस."

"फोमवर सांडलंय ते काय रंगाचं आहे?"

इरा पुढे वाकली. पांढरं. खडूसारखे बारीक कण.

"ड्रिलने माती कोरली असती तर तांबूस भुकटी पडली असती. आणि हे पातं बघ. करंगळीपेक्षा बारीक, आणि चकाचक. याने सुपारीएवढं भोक पडत नाही." मावशीने प्याला दिव्याकडे तिरका केला. "शिवाय ड्रिलच्या भोकाची भिंत गुळगुळीत असते. ही टवके उडालेली आहे, आणि टवक्यांच्या आत काळा मळ घट्ट बसलाय. कुणीतरी टोकदार दगडाने टोचून टोचून पाडलंय. इरा, हे भोक कालचं नाही. प्याल्याइतकंच जुनं असेल."

"पण काल नव्हतं."

"काल ते बुजवलेलं होतं. प्लास्टर आणि सरस, वरून मातीचा रंग. छान काम केलं होतं कुणीतरी, पन्नासेक वर्षांपूर्वी. कशाला बुजवलं असेल, हे तुझं क्षेत्र. सांग."

विषय इराचा होता, आणि बोलायला लागल्यावर तिला जरा श्वास आला. माया समाजात साध्या माणसाकडे साधी मडकी असायची. हे रंगवलेले प्याले दरबारातले. रंगवणारेही मोठ्या घरचे, कधीकधी राजाचेच भाऊबंद. काठावर गोल अक्षरं असतात ना, त्यात लिहिलेलं असतं हा अमक्याचा प्याला, कोको प्यायचा. मेजवानी झाली की राजा तो पाहुण्याला भेट द्यायचा. कुणाच्या घरात कुणाचा प्याला आहे, यावरून कोण कुणाच्या बाजूचा ते कळायचं. आणि मालक मेला की प्याला त्याच्याबरोबर थडग्यात. जाताना भोक पाडून.

"म्हणजे भोक असलं तर तो थडग्यातला."

"हो. आणि आपल्या कागदांवर लिहिलंय की हा कधीच जमिनीत नव्हता. एका जमीनदाराच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कपाटात होता, तिथून रीतसर घेतला." बोलता बोलता इरा थांबली. "मावशी, म्हणजे थडगं फोडून चोरलेला आहे हा. विकणाऱ्याने भोक लपवलं."

"बरं. आता मुद्दा असा की पन्नास वर्षं टिकलेलं बूच काल रात्रीत का पडलं." मावशीने प्याला नाकाशी नेला. एकदा हुंगलं. मग भिंग टेबलावर ठेवून इराकडे रोखून बघितलं.

"सरस कशाने विरघळतो? गरम पाण्याने. इरा, खरं सांग. या प्याल्यात चहा कुणी ओतला?"

४

वास घ्यायची हिंमत इराला होत नव्हती. घेतला. शंकाच नको. दूध आणि गवती चहा.

"मी नाही," ती म्हणाली.

"मी म्हटलं का तू? पण त्या बाईंना वास ओळखता आला तर पहिलं बोट तुझ्याकडेच येईल." मावशीने चिमट्याने भोकाच्या कडेला चिकटलेलं काहीतरी ओढलं. हिरवट, नखाएवढं, लांबट. पातीचा तुकडा. "इथे एशियन दुकानात गवती चहा मिळतो का?"

"दांडे मिळतात. थाई आमटीत घालतात ते. पाती कापलेली असतात."

"म्हणजे पाती कुणाच्यातरी घरच्या कुंडीतली."

नोव्हेंबरात हायडेलबर्गमध्ये हीटरशेजारी कुंडी ठेवून गवती चहा जगवणारं घर इराला एकच माहीत होतं. अन्वीची कुंडी. हृषिकेशच्या बायकोची. रोज सकाळी ती दोन पाती कापून थर्मासात घालते, इरा रोज त्यातलाच चहा पिते.

तिने त्याला सर्व्हरच्या खोलीत गाठलं. मीटिंग वगैरे काही नव्हती. तो खुर्चीत बसून होता, स्क्रीन बंद.

"तू चहा ओतलास त्यात," इरा म्हणाली. रागाने म्हणायचं होतं, पण आवाज चिरकला.

तो इतका पटकन कबूल झाला की तिलाच धक्का बसला. "मला नकलेत ओतायचा होता. फिल्मसाठी, फेसाचा शॉट. कोको आज यायचा होता, म्हटलं तोवर काल फ्रेम तरी बघून घ्यावी. आपण चहा वरून ओततो ना, तसा ओतला. मस्त फेस आला. आणि मग खालून टेबलावर चहा यायला लागला." त्याने तोंडावरून हात फिरवला. "बूडच गळून पडलं गं. चहात पांढरा लगदा. मी पुसलं, कोरडं केलं, जागेवर ठेवलं. रात्रभर अन्वीलाही सांगितलं नाही. माझं राहण्या-कामाचं ब्लू कार्ड या कंपनीवर आहे, तान्ही मुलगी आहे..."

"माझं काय आहे मग?"

"तुला सांगणारच होतो. पायऱ्यांवर सांगणार होतो. तू ड्रिल म्हणालीस आणि मला काही कळेचना."

"खरा प्याला आणि नक्कल कळत नाही तुला? खऱ्याच्या गळ्यात चिठ्ठी असते."

"नव्हती," तो म्हणाला. "दोन प्याले शेजारी, दोन्हींना चिठ्ठी नाही. मी डाव्या बाजूचा उचलला."

इराला एकदम आठवलं. चिठ्ठी तिनेच सोडली होती. फोटोत दोरा येतो म्हणून. चारशे फोटो झाले, साडेचार वाजले, बस पकडायची होती. आणि चिठ्ठी परत बांधली नाही. तिच्या कोटाच्या खिशात होती ती, तिने हात घातला तर बोटाला लागली.

"ड्रिल का ठेवलंस मग माझ्या टेबलावर?" तिने शेवटचं विचारलं.

"इरा, पोरीची शपथ. ड्रिल मी नाही ठेवलं. मला ड्रिल कुठे असतं तेसुद्धा माहीत नाही."

५

अडीच वाजले होते. मावशी खाली हेर क्रेमरबरोबर बाकावर बसून त्याच्या डब्यातला केक खात होती. इरा तिच्याजवळ गेली, मराठीत सगळं भडाभडा सांगितलं, चिठ्ठीसकट. मावशीने केक संपवला. मग क्रेमरला सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमचं ड्रिल फार चांगलं आहे हो, कुठे ठेवता.

"कपाटात," तो म्हणाला. "काल सहापर्यंत वर काचपेटी बसवत होतो, मग कुलूप लावून टाकलं. आज हवं होतं तर जागेवर नाही."

"टचस्क्रीनवाला मुलगा त्याच्या आधीच गेला होता?"

"गेनाऊ, बरोबर. साडेपाचला. आणि फ्राउ पोंक्षे साडेचारला. दोघांच्या जाण्याची नोंद मीच करतो."

"मग किल्ली आणखी कुणाकडे असते?"

क्रेमर चॉकलेट लागलेला सुरा पुसत म्हणाला, "माझ्याकडे. आणि फ्राउ डॉक्टरांकडे. आज त्या साडेसातलाच आल्या होत्या. तीस वर्षांत मी त्यांना साडेआठच्या आधी पाहिलेलं नाही. म्हणाल्या, उद्घाटनाआधी प्याल्याला एकदा एकट्याने बघायचंय."

इरा बाकावर बसली. तिला वाटलं होतं, चोर सापडला की भीती जाईल. गेली नाही. उलट भीती आता जास्त मोठी झाली, कारण ड्रिल ठेवणारी तिच्या करारावर सही करणारी बाईच निघाली.

"पण का?" तिने मावशीला विचारलं. "चूक माझी आणि हृषीची. त्यांनी का हे करावं?"

"तू सांग. जुनं भोक दिसलं तर कुणाचं काय जातं?"

इराला कळायला वेळ लागला नाही. फ्राउ आल्बर्सचं नाव ज्या पुस्तकामुळे झालं, ते अख्खं पुस्तक याच प्याल्यावर उभं होतं. हे प्याले जिवंत घराण्यांत फिरत राहिले, थडग्यात गेलेच नाहीत, बघा हा एक. सगळं जग तेवढ्यासाठी हा प्याला बघायला येत होतं. बुडाला थडग्याचं भोक निघालं की पुस्तक गेलं, संग्रह चोरीचा ठरला, आणि प्याला ग्वाटेमालाला परत. त्यापेक्षा भोक नवीन असलेलं बरं. आणि नवीन भोकाला पाडणारं कुणीतरी लागतं. आयती मिळाली, मडक्याची गोष्ट सांगणारी.

६

चार वाजता चौघं फोटोच्या खोलीत. इरा, मावशी, हृषिकेश आणि फ्राउ आल्बर्स. हृषिकेश स्वतःहून आला होता. 

मावशीने पाच वाक्यांत मांडलं. पांढरी भुकटी, मळकी कड, स्वच्छ पातं, चहाची पाती, कपाटाची किल्ली. फ्राउ आल्बर्सनी एकदाही मध्ये तोडलं नाही. शेवटी त्या खुर्चीवर बसल्या आणि पहिल्यांदाच म्हाताऱ्या दिसल्या.

"मी आत आले आणि प्याला उचलला," त्या म्हणाल्या, "आणि एका क्षणात कळलं. कड बघूनच. तीस वर्षं मी विद्यार्थ्यांना ती कड ओळखायला शिकवतेय."

मग त्यांनी मान वर केली, आणि आवाज पुन्हा तोच, खालच्या पट्टीतला.

"आल्झो, तर मग, फ्राउ पोंक्षे. तक्रार नाही. तुमचा करार मी आजच दोन वर्षांसाठी वाढवते, गुरुवारी दाखवा. चिठ्ठीचं कुणाला कळायला नको, यांच्या चहाचंही. तुम्ही दुरुस्तीचं काम शिकला आहात. ते भोक तुम्ही स्वतः बुजवा. इथल्या कुणाचंच काही बिघडत नाही."

आणि ऐका, इथे इरा सगळ्यात जास्त घाबरली. सकाळपेक्षाही. कारण तिला ते हवं होतं. खरंच हवं होतं. गुरुवारची खिडकी, शिक्का, आईला फोन, सगळं डोळ्यांपुढे आलं. हृषिकेश तिच्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं, हो म्हण.

ती मावशीकडे वळली. मावशी खिडकीबाहेर बघत होती. हे इरालाच ठरवायचं होतं.

"मला भोक बुजवता येतं," इरा म्हणाली. शब्द जड जात होते, जर्मन अडखळत होतं. "पन्नास वर्षांनी माझ्यासारखी कुणीतरी ते उचलेल. तिला काय सांगू?"

तिने लॅपटॉप ओढला. वस्तूच्या स्थितीचा अहवाल, रोजचाच फॉर्म. पहिल्याच रकान्यात तिने लिहिलं, मूळ वस्तूची चिठ्ठी मी काढली आणि परत बांधली नाही. मग भोक, त्याची कड, सरस, प्लास्टर, फोटो जोडले. कारणाच्या रकान्यापाशी बोटं थांबली.

हृषिकेश पुढे आला, तिच्या खुर्चीमागे उभा राहिला.

"लिही," तो म्हणाला. "हृषिकेश पद्माकर सबनीस. आणि चहा गरम होता तेही लिही, नाहीतर सरसाचं पटणार नाही त्यांना."

"अन्वी?"

"मघाशी फोन केला. आधी रडली. मग म्हणाली, आता थर्मास घरीच ठेव."

इराने लिहिलं. ड्रिलबद्दलही लिहिलं, दोनच ओळी, विशेषणं न लावता. पत्त्यात संग्रहालयाच्या विश्वस्तांची नावं टाकली, पाचही. फ्राउ आल्बर्स उठल्या. वाटलं लॅपटॉप मिटतील. त्या फक्त टेबलापाशी आल्या आणि प्याल्यावर मऊ कापड घातलं.

"तुमची गुरुवारी तारीख आहे, लक्षात आहे ना?" त्या म्हणाल्या. धमकी होती की काळजी, इराला आजही सांगता येत नाही.

"जा," इरा म्हणाली, म्हणजे जर्मनमध्ये हो. आणि पाठवा दाबलं.

सात मिनिटं काहीच झालं नाही. मग भिंतीवरचा फोन वाजला. बाहेरच्या नंबरवरून होता, विश्वस्तांपैकीच कुणीतरी असणार. फ्राउ आल्बर्सनी त्याच्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतले. हृषिकेश हलला नाही. तिसरी रिंग, चौथी.

इरा उठली. तिने रिसीव्हर उचलला, आणि इथली माणसं फोन घेताना सांगतात तसं आधी आडनाव सांगितलं.

"पोंक्षे."